एमिल हुडाकची पाठवणी

एमिल हुडाक सकाळी बूट घालता घालता गेला. मी पोचले तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीतच होता आणि व्हर्ना, त्याची बायको, खाली बसून त्याच्या दुसऱ्या बुटाची नाडी बांधत होती.

"पाय गार पडलेत गं लोइस, त्याचे," ती म्हणाली.

शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी उभा जन्म शेजारी शेजारी काढला होता. ही बाई मोठ्याने बोललेली मी कधी ऐकली नाही. त्या दिवशीही ती ओरडली नाही. डॉक्टर येऊन गेले, एमिलला तूर्त इस्पितळाच्या शवागारात नेऊन ठेवलं, आणि मग तिची नणंद ओल्गा आली. एमिलची थोरली बहीण. कोट न काढताच म्हणाली, "ब्रॅडिगनकडे फोन केलास ना?"

आमच्या या कोळशाच्या गावात माणूस कुठल्या चर्चचा हे जसं ठरलेलं, तसं त्याची शेवटची सगळी व्यवस्था कोण करणार हेही ठरलेलं. हुडाकांच्या घरची सगळी माणसं टेकडीवरच्या पांढऱ्या खांबांच्या ब्रॅडिगन अंत्यसंस्कारगृहातून गेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तिथे गेलो. पायाखाली जाड गालिचा, बोलणारा माणूस लोण्यासारखा मऊ. त्याने शवपेट्या दाखवायला सुरुवात केली ती तांब्याच्या पेटीपासून. आत रेशमी अस्तर होतं.

"यात सगळ्यात साधी कुठली?" व्हर्नाने विचारलं.

"ती मागच्या खोलीत आहे. पण ती तुम्हाला आवडायची नाही, मिसेस हुडाक."

"मला कुठे झोपायचंय त्यात? आणि एमिलला म्हणाल, तर नवं काही आणलं की तो आठवडाभर कुरकुरायचा."

मला हसू फुटलं. ओल्गाने माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथंच विरलं. त्या माणसाने मग देह टिकावा म्हणून त्यात औषध भरणं, दोन दिवस दर्शन, फुलं, लांब काळ्या मोटारी, असं एकेक सांगत नेलं. व्हर्नाने शांतपणे विचारलं, "यातलं काय काय नको म्हटलं तर चालतं?" त्याने सांगितलं. विचारल्याशिवाय मात्र सांगितलं नसतं. त्यानंतर व्हर्ना उठली आणि म्हणाली, "उद्या कळवते."

दुपारी ती माझ्या टेबलापाशी बसून आसपासच्या गावांत फोन करत राहिली. प्रत्येकाला तेच प्रश्न. पेटी बंद ठेवायची, औषध भरायचं नाही, लवकर माती द्यायची, लोक चर्चच्या सभागृहात जमतील, तर काय पडेल? एकाने तर "फोनवर सांगत नाही, या ना" म्हटलं. तिने पुढचा नंबर फिरवला. शेवटी पलीकडच्या गावातल्या मिहालिक नावाच्या म्हाताऱ्याशी जमलं. त्याचं छोटंसं अंत्यसंस्कारगृह टायरच्या दुकानाला लागून होतं. ब्रॅडिगनच्या निम्म्याहून कमी पैशांत तो सगळं करणार होता. पाईन लाकडाची पेटी, आणायला एक गाडी, बस्स.

ओल्गाला कळलं तेव्हा ती दारातच उभी राहून बोलली. "टायरच्या दुकानातून नेणार माझ्या भावाला? खोक्यात घालून? आमच्या आईला तांब्याच्या पेटीतून कसं नेलं होतं, आठवतं ना? सगळं गाव बघत राहिलं होतं. तुला पहिल्यापासून पैशाचंच प्रेम गं, व्हर्ना."

व्हर्ना टेबलावरचा कपडा सरळ करत राहिली. "सोमवारी दहाला चर्चमध्ये आहे," एवढंच बोलली.

सोमवारी एमिलच्या बस डेपोतल्या सहाजणांनी पेटी खांद्यावर घेतली. ओल्गा चर्चमध्ये अगदी मागे बसली आणि माती पडताच निघून गेली. सभागृहात आम्ही बायकांनी कोबी आणि लोण्यातल्या नूडल्स केल्या होत्या. डेपोतली माणसं जेवता जेवता एमिलच्या आठवणी सांगत होती. बसखाली आडवा पडून काम करताना तो मोठमोठ्याने गायचा म्हणे.

एमिलची मुलगी रोझान दूरच्या राज्यातून आली होती. ती स्वयंपाकघरात आमच्याकडे आली. डोळे कोरडे, चेहरा विचित्र झालेला. "आई, बाबा गायचे? मी तर त्यांना फक्त झोपलेलं पाहिलंय. शनिवार-रविवार डेपोत, आणि घरी आले की झोप. मला वाटायचं, त्यांना आमच्यात राहायला आवडत नाही."

व्हर्नाने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुझ्या आजीची ती तांब्याची पेटी, बाळा. तुझ्या आत्याने पसंत केली. तिचा नवरा तेव्हा फुफ्फुसाच्या दुखण्याने अंथरुणावर होता, म्हणून बाबा तिला म्हणाले, आईचा विमा होता, त्यात भागलं. विमा कसला! तू शाळेत जायला लागल्यापासून ते तुझ्या शाळेचं शेवटचं वर्ष येईपर्यंत त्या पेटीचं कर्ज फेडायला ते सुट्टीच्या दिवशी कामाला जात होते."

रोझान तिथेच खुर्चीवर बसली आणि मग खूप रडली. व्हर्ना तिच्या केसांवरून ओला हात फिरवत राहिली. "मला पुन्हा तसं नको होतं गं," ती म्हणत होती, "तू फेडत बसली असतीस."

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "हे ओल्गाला सांग की. गावभर तुला चिक्कू म्हणत फिरेल ती."

"सांगायचं नाही असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. आईला थाटात पाठवलं, एवढंच सुख आहे तिच्यापाशी. ते कशाला काढून घेऊ?"

"पण तो तर आता गेला ना, व्हर्ना."

"म्हणून काय त्याचा शब्दही गेला?"

ओल्गा खरोखरच गावभर बोलली. नाताळला व्हर्नाने पाठवलेला अक्रोडाचा रोल तिने परत केला. व्हर्नाने तो आमच्यात वाटून टाकला, स्वतः खाल्ला नाही.

मे महिन्यात आम्ही दोघी दफनभूमीत गेलो, तर ओल्गा आईच्या थडग्यापाशी होती. आम्हाला बघून ती चालू लागली. एमिलपाशी आल्यावर मात्र थांबली, काठीने जमीन टोचली.

"खचलीये इथली माती," ती व्हर्नाकडे न बघता म्हणाली. "आणखी टाकायला सांग."

"सांगते," व्हर्ना म्हणाली.

ओल्गा फाटकाबाहेर जाईपर्यंत व्हर्ना तिच्याकडे बघत उभी होती. मग गुडघे टेकून हातानेच माती सारखी करू लागली.