फाट्यावरची घागर

जगात कुठेही काही उलटलं, धडकलं, बुडालं की आमच्या सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या खोलीत त्याचं सुतक असायचं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, डाइंग मिलमध्ये कापड रंगवायचे. पाळी सुटली की चहाच्या टपरीवर गुजराती पेपर वाचूनच घरी यायचे. सरकार कुणाचं आलं ते त्यांना धड सांगता यायचं नाही. पण कुठल्या देशात फेरीबोट बुडाली, कुठं विमान डोंगरावर आदळलं, कुठं फाटक उघडं राहिलं आणि आगगाडीनं ट्रॅक्टर उडवला, हे सगळं जेवताना बैजवार यायचं. आई भाकरी थापत म्हणायची, "आज कोन मरनं ते सांगी टाका, मंग मी वाढस."

या अभ्यासातून आबांना एक शोध लागला होता. देश कुठलाही असो, वाहन कुठलंही असो, बातमीत एक वाक्य ठरलेलं: मृतांमध्ये एकाच कुटुंबातील इतके जण. या वाक्याची त्यांनी अशी धास्ती घेतली की घराला नियमच घालून दिला. "एकच गाडीमा सगळासनी बसानं नई. मांगे दिवा लावाले कोनीतरी जोयजे."

"मंग रातले बी येगयेगळा झोपूत का?" आई म्हणाली. "पत्रा पडना म्हंजे?"

आबांनी वर पत्र्याकडे पाहिलं. तो विचार त्यांच्या मनात खरोखरच आला असावा.

नियमाची खरी कसोटी अखाजीला लागायची. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात हा लेकींनी माहेरी जायचा सण, आणि पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरायचाही. आईचं माहेर नंदुरबारजवळच्या एका खेड्यात. नव्वदीतल्या त्या वर्षांत आमची स्वारी सुरतहून निघायची ती दोन तुकड्यांत. स्टेशनसमोरच्या बस डेपोत आबा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे, आईला आणि मला बसवायचे, बस हलेपर्यंत उन्हात उभे राहायचे. मग धाकट्या भावाला घेऊन समोरच्या स्टेशनावर जाऊन नंदुरबारकडची पॅसेंजर पकडायचे.

बस शहराच्या वेशीवर पर्वत पाटियाला थांबली की आई मला घेऊन खाली उतरायची. तिथून रिक्षानं उधना, म्हणजे सुरतेच्या पुढचं स्टेशन. आबांची पॅसेंजर उधन्याला आली की आम्ही बायकांच्या डब्यात. पुढच्या कुठल्यातरी डब्यात आबा आणि भाऊ, मागे आम्ही, आणि मधल्या लोकांना याचा पत्ता नाही. नंदुरबारला ते दोघं उतरून टेम्पोनं गावाकडे निघाले की आम्ही फलाटाच्या टोकाला बसून उकडलेल्या शेंगा खायचो, आणि बसची वेळ झाली की भोळं तोंड करून मामाच्या घरी हजर व्हायचो.

"बसमा माले मयमयस," आई सांगायची. बसमध्ये मळमळतं हे मला पटलं होतं. आबांना सांगायचं नाही, कारण ते पुढच्या वर्षी मळमळीवर गोळ्या आणतील आणि बस काही सुटणार नाही. आबांना फसवण्यात मला फार मजा यायची, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी बस खच्चून भरली होती. आमच्या बाकाशेजारी एक बाई उभी होती. हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यावरून पदर, पायाशी टोपली. पर्वत पाटिया आलं तशी आईनं तिला हात धरून आपल्या जागेवर बसवलं. "खिडकी की तरफ सरको," आई हिंदीत म्हणाली, "हवा लगेगी." ती बाई म्हणाली, "बेन, भगवान तमारुं भलुं करे." आबांचा रुमाल आईनं झटकून कमरेला खोचला आणि आम्ही उतरलो.

नंदुरबारला गाडी थांबली. आम्ही नेहमीप्रमाणे गर्दी ओसरायची वाट बघत डब्याच्या दारात उभ्या होतो. फलाटावरच्या चहावाल्यापाशी घोळका जमला होता. सुरतेहून सकाळी निघालेली बस घाटात ट्रकवर गेली, पुढचा भाग राहिलाच नाही, असं कुणीतरी सांगत होतं. मोबाइल कुणाकडेच नव्हता. बातमी तोंडातोंडीच यायची आणि आबांकडे ती अगदी सरळ चालत आली.

ते घोळक्यात शिरले, काहीतरी विचारलं, आणि खाली बसले. फलाटावर, उन्हात, मांडी न घालता, पाय समोर पसरून. लहान पोर रुसून बसतं तसे. भाऊ त्यांचा सदरा ओढत होता.

आईनं पुढचा मागचा विचार केला नाही. माणसं ढकलत गेली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली. आबांनी आधी तिच्या डोक्याला हात लावला. मग माझ्या वेण्या चाचपल्या, एक, मग दुसरी. मग म्हणाले, "तू आठे कशी?"

"दरसाल याच गाडीमा ऱ्हास मी," आई म्हणाली. "मांगला डब्बामा."

"कसाले?"

मला वाटलं, आता ती मळमळीचं सांगेल.

"तुम्हना मांगे मी कसाले ऱ्हासू? दिवा लावाले?"

मळमळ कधीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. आबा ओरडले नाहीत. तिनं कमरेचा रुमाल काढून दिला, त्यांनी तोंड पुसलं. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही चौघं एका टेम्पोत बसून गेलो. आबांनी भावाला आणि मला दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं होतं की माझं मनगट दुखलं. माझा फार जीव आहे आई-आबांवर. तो त्या टेम्पोत मला पहिल्यांदा नीट कळला.

अर्ध्या वाटेत आई म्हणाली, "त्या बाईले मी जागा दिन्ही."

दुसऱ्या दिवशी अखाजी. मामानं पितरांच्या घागरी मांडल्या, तशी आईनं आणखी एक मागितली. कुणाची, ते सांगितलं. माझ्या आजीनं तिचा हात धरला. "जित्ता मानूसनी घागर भरतस नई, माय. जित्ती व्हई ते तिना घात व्हई." आईला हे कळत होतं. आबांनी गावातून पेपर आणला होता. त्यात नुसता आकडा होता, नावं नव्हती. खिडकीतली बाई गेली की वाचली, कोण सांगणार. आई रिकामी घागर मांडीवर घेऊन बसून राहिली.

मग आबा उठले. त्यांनी ती घागर भरली, खांद्यावर घेतली आणि फाट्यावर, बस थांबते तिथल्या निंबाखाली नेऊन ठेवली. "जित्ती व्हई ते वाटसरू पाणी पितीन," ते आईला म्हणाले, "नई ते तिले पोचई."

त्यानंतर दर अखाजीला आम्ही एकाच डब्यातून गेलो. दुपारभर आई आणि आबा फाट्यावर बसायचे. आबा आता म्हातारे झालेत, टपरीवरचा पेपर सुटला, घागर भाऊ वाहून नेतो, पण पाणी आबाच देतात. सुरतेची बस थांबली की आधी खिडकीतल्या बाईला पेला वर करतात. बाई पाणी पिते तेवढा वेळ आई तिच्या तोंडाकडे बघत राहते.