पल्लवीचे पाच पॉइंट सत्त्याण्णव

आईशप्पथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे, एक वगळता. मलकापूरच्या आमच्या कॉलेजात परीक्षा विभागाच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसलोय. किस्से मार्कलिस्टांसारखेच साचतात, न्यायला कोणी येत नाही!

टक्के जाऊन ग्रेड आले त्या वर्षी बीबी गावचे एक काका खिडकीशी उभे. पोराची मार्कलिस्ट काचेवर आपटली.

"सात पॉइंट दोन! शंभरापैकी सात! दोन दिवस झाले, बोललो नाही म्या त्याच्याशी."

"काका, दहापैकी आहेत ते."

काकांनी मार्कलिस्ट परत उचलली. मग म्हणाले, "मंग त्यानं काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही बोलत होते का त्याच्याशी?"

*

आमचे गवई सर मोठ्या मनाचे. योगाच्या पेपरात अख्ख्या वर्गाला दहापैकी दहा! पोरांनी हार आणला.

मी म्हटलं, "सर, योगाला क्रेडिट एक, केमिस्ट्रीला चार. ग्रेडला क्रेडिटनं गुणायचं, मग सगळ्यांची सरासरी. तुमच्या दहानं काटा हलत नाही."

सर हाराकडे पाहत राहिले. "मले वाटलं, पोराईचं भलं केलं."

केमिस्ट्री शिकवतात तेही हेच. तिथे सहाच्या वर जाईनात!

*

आणि वडनेर भोलजीची पल्लवी. एमएस्सीच्या प्रवेशाला सहा लागत होते, हिचे पाच पॉइंट सत्त्याण्णव. घरी ठरलेलं होतं: प्रवेश मिळाला तर शिक्षण, नाही तर लग्न.

"एकदा पाहा ना सर. प्रॅक्टिकलमध्ये मले पुरे दहा हायेत."

"हाव, पाहतो. रडू नको."

पाहिलं. क्रेडिटचे आकडे भरतानाच अदलाबदल झालेली. प्रॅक्टिकलचे चार गेले थेअरीला, थेअरीचे दोन आले प्रॅक्टिकलला. तिचे दहा गुणले गेले दोननं! चूक अख्ख्या वर्गाला लागली होती, पण सहाच्या काठावर ती एकटीच. आकडे भरणारा कोण? मीच.

दुरुस्तीचं पत्र त्याच दिवशी विद्यापीठाला पाठवलं. नवी मार्कलिस्ट आली: सहा पॉइंट झिरो पाच! तोवर प्रवेशाची शेवटची यादी लागून गेली होती.

मार्कलिस्ट न्यायला ती आली, सोबत नवरा. आकडा तिनं बराच वेळ पाहिला, मग मार्कलिस्ट घडी घालून पिशवीत टाकली.

"किती आले?" नवऱ्यानं विचारलं.

"पास आहो," ती म्हणाली.

मी खिडकी लावून घेतली.

बनवलेलं यात एवढंच, की पत्र त्याच दिवशी पाठवलं. त्यावर प्राचार्य साहेबांची सही घ्यायची म्हणजे चूक कोणाची, ते सांगावं लागलं असतं. एकोणीस दिवस ते माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं.