नॅशनल पार्कात हाका मारणारी आई

आमच्या आईची हाक दरी ओलांडून जायची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर आमची दहा-बारा घरांची वाडी. समोरच्या डोंगराला चरायला गेलेल्या म्हशी परत आणायला बाकीच्या बायका चालत जायच्या. आई अंगणाच्या कडेला उभी राहायची, पदर कमरेला खोचायची आणि हाक द्यायची. थोड्या वेळानं खालच्या झाडीतून घंटा वाजू लागायच्या. "मी कशाला जाऊ? त्यांना पाय हायत की," असं म्हणून ती चुलीकडे वळायची.

माणसांशी मात्र ती कमी बोलायची, आणि बोलायची ते तोडून. माझा भाऊ दत्तू माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. दहावी झाल्यावर आईनंच त्याला मुंबईला मामाकडे धाडलं. प्लॅस्टिकचे डबे करणाऱ्या कारखान्यात तो लागला, पण तिथं त्याला करमायचं नाही. रविवारी एकटाच नॅशनल पार्कात जाऊन बसायचा. घरी आला की मला सांगायचा, "तिथं आपल्यासारखीच झाडं हायत, ऐन हाय, किंजळ हाय. फक्त म्हशी नायत."

मी नऊ वर्षांची असताना तो शिमग्याला आला आणि परत जायच्या दिवशी म्हणाला, "आये, मी आता जाणार नाय. इथंच म्हशी राखीन."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "म्हशी राखायला मी हाय. नोकरी सोडून आलास तर दारात उभा करणार नाय तुला."

पोलादपूरच्या स्टँडवर तिनं स्वतः त्याला एसटीत बसवलं. मी बरोबर होते. गाडी सुटेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. तेव्हा आम्हाला कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वाडीतल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईत होतं, आणि मागं राहणाऱ्या मुलाला कुणी मुलगी देत नव्हतं.

महिना-दीड महिन्यानं मामाचा निरोप आला. दत्तू रविवारी पार्कात जातो म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. कपडे, घड्याळ, सगळं खोलीवर होतं. वडील, म्हणजे आमचे आबा, लगेच मुंबईला गेले. पोलिसांत वर्दी दिली, दवाखाने पाहिले, कारखान्यातल्या पोरांना विचारलं. पंधरा दिवसांनी ते परतले आणि ओटीवर बसून राहिले. आई त्यांना एवढंच म्हणाली, "तुम्ही रानात शोधलंत काय? रानातलं पोर रानातच असंल."

त्यानंतर दर मे महिन्यात आई मला घेऊन नॅशनल पार्कात जाऊ लागली. मला पाट्या वाचता यायच्या म्हणून मी बरोबर. मामाकडे आठ-दहा दिवस राहायचं आणि रोज सकाळी भाकरी बांधून निघायचं. खरं सांगते, पहिली दोन-तीन वर्षं मी त्या दिवसांची वाट बघायची. छोट्या आगगाडीत बसायला मिळायचं, जाळीच्या बसमधून सिंह दिसायचा. लोक मुलंबाळं घेऊन डबे खायला आलेले असायचे. आमच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, आम्हीही सहलीलाच आलोय. आईनं सिंह कधी बघितला नाही. बसमध्येसुद्धा ती माणसांचे चेहरे बघायची.

दुपारी गर्दी मागं पडली की ती रस्त्याच्या कडेला थांबायची, पदर खोचायची आणि हाक द्यायची, "दत्त्या रेऽऽ!" माकडं झाडांवरून उड्या टाकायची, झाडांखाली बसलेली जोडपी दचकून उठायची. काही पोरं तिची नक्कल करायची. तेव्हा मी चार पावलं मागं राहायची, म्हणजे मी तिची कुणी नाही असं वाटावं.

पहिल्या वर्षी एक रखवालदार धावत आला. "ओ मावशी, इथं ओरडायचं नाय." आईनं त्याला दत्तूचा फोटो दाखवला. तो फोटो त्यानं बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, "किती वर्षांचा?" पुढच्या वर्षापासून आम्ही दिसलो की तोच म्हणायचा, "आलात मावशी?" आणि आपल्या फेरीबरोबर आम्हाला आत नेऊन आणायचा.

अशी नऊ वर्षं गेली. आईचे गुडघे गेले. शेवटच्या खेपेला मी पाणी आणायला गेले तेवढ्यात ती रस्ता सोडून एकटीच झाडीत शिरली. बिबट्याचं रान ते. तीन तास मी आणि रखवालदार तिला शोधत होतो. एका कोरड्या ओढ्यात ती सापडली, पाय मुरगळलेला, हाताला खरचटलेलं. हाका मारून मारून घसा बसला होता. मला बघून म्हणाली, "इथं कुणीतरी बसल्यासारखं दिसलं गो." रखवालदारानं मला बाजूला घेतलं. "पोरी, पुढच्या वर्षी आणू नकोस त्यांना. एक दिवस इथंच राहतील."

मी तेव्हा महाडला कॉलेजात होते, बिरवाडीला खोली घेऊन राहायचे. पुढचा मे जवळ आला आणि आई पिशवी भरू लागली, तेव्हा मी एका शनिवारी घरी येऊन खोटं सांगितलं. महाडच्या स्टँडवर एक ट्रकवाला भेटला, त्यानं दत्तूला सुरतेला बघितलंय, लग्न झालंय, एक मुलगी आहे. आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. ते उठले आणि आईची पिशवी खुंटीला लावून आले.

आईनं शंभर प्रश्न विचारले. बारीक झालाय काय? केस राखलेत काय? मुलीचं नाव काय? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. त्या दिवशी तिनं वाडीभर दूध वाटलं. पार्कात जायचं थांबलं. मला वाटलं, सुटलो.

मग ती वाट बघू लागली. गणपती झाले, दिवाळी झाली, शिमगा झाला. तिनं माझ्याकडून पत्रं लिहून घेतली. "लिही, म्हशी विकल्या नायत. लिही, घर तुझंच हाय." पोस्टात टाकते म्हणून मी ती घेऊन जायची आणि बिरवाडीच्या खोलीवर चुलीत घालायची. दर शनिवारी ती दारातच विचारायची, "उत्तर नाय?" रानात हरवलेल्या मुलासाठी ती नऊ वर्षं चालली होती. जिवंत असून न येणाऱ्या मुलासाठी तिला करण्यासारखं काही उरलं नाही. एकदा लसूण सोलता सोलता म्हणाली, "माझा राग हाय त्याला. मी दारात उभा करणार नाय म्हणाले ना."

तिथंच मी खरं सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

तिसऱ्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. महाडच्या एका दवाखान्यात ठेवलं. अन्न जात नव्हतं. एके दुपारी मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगून टाकलं. "आये, मी खोटं बोलले. ट्रकवाला नव्हता. सुरतेला कुणी नाय. तुझ्यावर राग धरून कुणी बसलेलं नाय."

 ती माझा हात धरून म्हणाली, "उगा माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलू नको गो. तो हाय. येत नाय, एवढंच."

मी शपथ घेतली. आबा पुढं झाले, "पोरगी खरं बोलते गो," म्हणाले. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "लय केलंत तुम्ही दोघांनी. आता पुरं."

तिसऱ्या दिवशी ती गेली. दत्तूचं काय झालं, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. आपला मुलगा जिवंत आहे आणि त्यानं आपल्याला माफ केलेलं नाही, हे आई मात्र मनाशी पक्कं धरून गेली. तिला ते मी सांगितलं होतं.