झुलालआबा आणि हिरवं पाणी

झुलालआबांनी लेकीच्या मोटारसायकलला ताक पाजलं, ही बातमी चोपड्याच्या बाजारापर्यंत गेली. साफ खोटं. आबांनी पाजलं होतं बोअरचं पाणी. त्याचं ताक पुढे रेडिएटरने स्वतः केलं.

मुळात आबांना अवघ्या दुनियेची किळस. चहा आधी हुंगणार, मग पिणार. पंगतीत पाण्याचा जग नाकाशी नेणारा आमच्या गल्लीत हा एकच माणूस. लेक हेमांगी रोज त्या गाडीवर चोपड्याला दवाखान्यात ड्युटीला जाते. गाडीची देखभाल मात्र आबांकडे. केळीचं काम मुलाने हाती घेतल्यापासून घरात तेवढाच मान उरलेला.

मेकॅनिक पितांबरने इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची बाटली पुढे केली तसं आबांचं नाक कपाळात गेलं.

"पानी इकत लेवानं? ते बी शेवाळासारखं हिरवं?"

"आबा, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला. तयार मिळतं, वरून पाणीसुद्धा मिसळायचं नाही."

आबांनी घरी येऊन रेडिएटरमध्ये होतं ते हिरवं उकिरड्यावर ओतलं आणि बोअरचं भरलं. आमचं बोअर असं, की बादलीला पांढरा थर चढतो आणि डाळ दुपारपर्यंत शिजत नाही.

उन्हाळा लागला नि गाडी उकळायला लागली. निवल्यावर आबांनी झाकण काढलं, तर आत पिवळट, चिकट मळी, नासक्या ताकासारखी. आबा थुंकत थुंकत न्हाणीत पळाले. त्या घाणीत बोट घालणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी केळीवाल्याची अक्कल चालवली. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचला की ॲसिड सोडतात. तेच इथे सोडलं. नळ्या प्लास्टिकच्या नि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, एवढाच काय तो फरक. घाण निघाली, पण रेडिएटरची चाळणी झाली.

दुसऱ्या दिवशी हेमांगी एसटीत लोंबकळत गेली, उशिरा पोचली, बोलणी खाऊन आली. आल्या आल्या तिने खुंटीवरची चावी पर्समध्ये टाकली.

"आबा, आता गाडीला हात लावायचा नाही."

नवा रेडिएटर, पुस्तकातलं कूलंट, सगळं तिनेच आणून बसवून घेतलं. आबा ओट्यावर, नाकाला उपरणं लावून. शेजारच्या हिलालने काडी टाकली, "आबा, हिरवं पाणी शेवटी घरात शिरलंच की."

आबांनी उपरणं जरा बाजूला केलं.

"घाण ती घाणच शे. पन पोरीले सांग, चावी दे. झाकण मी लावसू."