घाटात उलटलेली जीप आणि चेचलेला पाइप

घाटात उलटलेली ती जीप अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा धडगावला ठाणे अंमलदार होतो. पावसाळ्याचे दिवस. डोंगरातल्या एका पाड्यावरून माणसं भरून शहाद्याकडे निघालेली जीप घाट उतरताना उलटली आणि त्यात एक म्हातारी दगावली. जखमी ड्रायव्हर मूळचा प्रकाशा गावाकडचा. दवाखान्यातच त्याने जबाब दिला, की ब्रेक लागलाच नाही, कुणीतरी पाइप कापला.

दुपारी निनावी फोन आला. आदल्या दिवशी स्टँडवर आधी कुणाची गाडी भरायची या नंबरावरून या ड्रायव्हरचं दुसऱ्या एका ड्रायव्हरशी भांडण झालं होतं आणि तो दुसरा, एक पावरा आदिवासी तरुण, सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुझी गाडी घाटातच जाईल!" विचारल्यावर जखमी ड्रायव्हरनेही त्याचंच नाव घेतलं, आणि आम्ही त्याला ताब्यात घेतलं. संध्याकाळपर्यंत ठाण्यासमोर गर्दी. खुनाचं कलम लावा, एवढंच सगळे म्हणत होते. त्याची बायको लेकराला घेऊन फाटकापाशी बसली होती.

चौकशीत तो एकच उत्तर देई. "साहेब, भांडलो मी. रागात बोललो. पण पाइपला हात नाही लावला." खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्टीत भर घालतो, असा माझा अनुभव. याच्या बोलण्यात एक शब्द वाढला नाही की कमी झाला नाही. पण अनुभवावर कोर्ट चालत नाही. मी बॅटरी घेतली आणि आवारात आणून ठेवलेल्या जीपखाली शिरलो.

मागच्या चाकाजवळ ब्रेकचा लोखंडी पाइप तुटला होता, त्यातून सगळं ऑइल वाहून गेलेलं. पण करवतीने कापलेला पाइप एकाच जागी, सरळ तुटतो. हा वीतभर चेचलेला होता. चाकावरच्या पत्र्याला आतून ताजे ठोके पडलेले, रंग उडून पत्रा चकाकत होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पावसात त्या पाड्याचा चढ कुठलीच जीप मागच्या टायरांना साखळी बांधल्याशिवाय चढत नाही. आमची सरकारी गाडीसुद्धा नाही. चिखल संपला की डांबरावर साखळी सोडायची असते. नाही सोडली तर कडी सुटते, आणि साखळीचं मोकळं टोक चाकाबरोबर फिरत आसपास दिसेल ते झोडपत राहतं. पण पंचनाम्याच्या वेळी या जीपच्या टायरांना साखळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जखमी ड्रायव्हरसमोर स्टूल ओढून बसलो. "साखळी कुठे आहे?"

"कसानी साखळी, सायेब? मी बांधेलच नव्हती."

"मग तो चढ गाडी उडत चढली का?"

तो ढसाढसा रडायला लागला. "चूक मन्हीच शे, सायेब. लोके घाई करी ऱ्हायनात, साखळी काढानी राहीगी. मावशी मरी गई. लोके माले जित्ता सोडतीन का? म्हणीसन तेनं नाव लिधं."

उलटलेल्या गाडीतून बाहेर पडताच त्याने साखळी सोडून झुडपात फेकली होती. पंचांसमक्ष ती जप्त केली. टोकाच्या कड्यांना गाडीच्या पत्र्याचा रंग लागलेला. पुढे निष्काळजीपणा आणि पुरावा नष्ट करणं, या दोन्हींसाठी त्याला शिक्षा झाली. मला त्याची कीव आली नाही. चूक कुणाच्याही हातून होते, पण ती झाकायला त्याने दुसऱ्याचं पोर उघड्यावर आणलं होतं.

आम्ही कोर्टात अहवाल दिला आणि पावरा ड्रायव्हर सुटला. "जा आता घरी," मी म्हणालो. तो जाईना.

"साहेब, कागदावर सुटलो मी. पण माझ्या गाडीत आता बसेल कोण?"

या प्रश्नाला कुठल्याही कायद्यात कलम नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्दी चढवून स्टँडवर गेलो. त्याची जीप रिकामी उभी होती, माणसं दुसऱ्या गाड्यांत कोंबून बसत होती. मी दार उघडून त्याच्या शेजारच्या सीटवर बसलो आणि म्हणालो, "चल शहाद्याला."

निर्दोष माणूस कोर्टात सुटतो, हे मी नोकरीभर पाहत आलो होतो. पण त्याची अब्रू जिथे गेली तिथेच ती परत करावी लागते, हे मला त्या दिवशी उमगलं. त्याने किल्ली फिरवली, तेवढ्यात एक म्हातारा टोपली घेऊन मागे चढला. मग दोन बायका. गाडी भरल्यावरच आम्ही निघालो.