रुपयाएवढी झीज

पिंप्राळ्यात माझं पंपाचं दुकान आहे. दुकानात एक पत्र्याचा डबा आहे, त्यात सुटे नटबोल्ट पडून असतात. कशालाच बसत नाहीत, पण टाकवतही नाहीत. आमच्या रविवारच्या गोल्फचे किस्से असेच साठलेत. चार माणसं, सहा खड्डे आणि पाच वर्षं. डबा भरणारच!

हो, गोल्फ. हसून घ्या एकदा. जळगावकडची माणसं गोल्फ खेळतात म्हटलं की लोक आधी विचारतात, "एवढ्या उन्हात?" पहाटे खेळतो बाबा, आठच्या आत खेळ संपतो.

आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी जळका माणूस आहे. धुळ्याचे प्रकाशराव माझे साडू, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. देवपूरला राहतात, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. ते माझ्यापेक्षा बरं खेळतात. हे वाक्य बोलतानासुद्धा माझ्या पोटात दुखतं.

*

हे सगळं सुरू केलं आबांनी. चोपड्याजवळ त्यांची केळी आहे. आबा तरुणपणी फौजेत होते, पण बंदुकीपेक्षा गोल्फच्या स्टिकच जास्त धरल्या. साहेब लोकांच्या स्टिक पुसायच्या, तेल लावायचं, पॉलिश करायचं, हीच ड्यूटी! निवृत्त होताना एका साहेबाने त्यांना आपला पटर दिला. पटर म्हणजे खड्ड्याजवळ आल्यावर बॉल हळूच ढकलायची चपट्या तोंडाची स्टिक. पितळेचा आहे. वरचा मुलामा कधीच उडालाय आणि मधोमध रुपयाएवढी जागा झिजून आरशासारखी झालीय. गावी आल्यावर आबांनी केळीमागच्या पडीक जमिनीत सहा खड्डे खणले आणि आम्हाला नादाला लावलं.

गेल्या दिवाळीनंतर आबांनी जाहीर केलं, "आते माले बॉल दिसत नही. आखाजीना आधी पटर एखादाले देई टाकसू."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. आमच्या चौघांत आबा सोडले तर उरलो तिघं. मी, साडू आणि डाळीचे व्यापारी कांतीशेठ.

"जो जास्त जिंकेल त्याला ना?" साडूंनी लगेच विचारलं.

"जितनं कोन, यानावर तुम्ही भांडतस," आबा म्हणाले. "मी काठी देखसू. काठी खोटं बोलत नही."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. पटर मला हवा होता हे खरंच. पण तो साडूंना मिळाला तर सासरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मला त्याची कथा ऐकावी लागली असती, आणि माझ्या बायकोने ती माझ्याकडे बघत ऐकली असती!

*

आबा काठी बघणार म्हटल्यावर सगळ्यात आधी कांतीशेठ कामाला लागले.

शेठचा सेट जावयाने दुबईहून आणलेला. तोवर शेठ प्रत्येक स्टिकच्या डोक्यावरचं प्लास्टिक न काढता खेळायचे. बॉलला मारलं की 'फट्' असा आवाज यायचा. "प्लास्टिक काढलं की माल सेकंड हँड होतो," हे त्यांचं म्हणणं.

आबा वैतागून म्हणाले होते, "शेठ, काठी शे, सोफा नही!"

आता शेठने प्लास्टिक काढलं, आणि आपला पटर घेऊन थेट सराफ बाजार गाठला. पटरच्या डोक्यावर सोन्याचा मुलामा! रविवारी पिशवीतून काढला तेव्हा केळीच्या पानांवरसुद्धा पिवळा उजेड पडला. मी तोंडाने "वा शेठ, वा!" म्हटलं आणि आतून जळून कोळसा झालो.

पण शेठ त्याने खेळेचनात. मातीत ओरखडा गेला तर? घरी ठेवला तर चोर? म्हणून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला गेले, तर तो मावेना. शेवटी दांडा उपसून काढला. तेव्हापासून डोकं लॉकरमध्ये आणि दांडा कपाटात आहे.

आम्ही विचारलं, "शेठ, आबांना काय दाखवणार?"

शेठ म्हणाले, "पावती!"

*

सोनं बघून मला राहवेना. मी मुंबईच्या ओळखीतून एक काळी स्टिक मागवली. काळीकुळकुळीत, मॅट फिनिश. साडूंकडे सगळ्या साध्या रुपेरी. पहिल्या रविवारी त्यांनी ती तीनदा हातात घेऊन पाहिली. काय सांगू, तो माझ्या आयुष्यातला फार सुखाचा रविवार होता!

पण सुख किती टिकावं? दुपारच्या जेवणापर्यंतही नाही. माझा बॉल केळीत गेला. काढायला गेलो आणि रागाच्या भरात दोन-चार पानं झोडपली. चीक उडाला. तेव्हा काही दिसलं नाही, घरी येईपर्यंत स्टिकच्या तोंडावर तपकिरी चट्टे उठले होते.

बायको म्हणाली, "केळीचा डाग आहे तो. बनियन फाटतं पण डाग जात नाही."

मी म्हटलं, बघतोच. देवाची पितळी भांडी जिने लखलखतात ती चिंच घेतली, मीठ घेतलं आणि अर्धा तास घासत बसलो. डाग गेला. डागाबरोबर काळा रंगही गेला! स्टिक अशी दिसायला लागली, जशी खरूज झालेली म्हैस.

पुढच्या रविवारी साडूंनी चष्मा वर केला. "विलासराव, तो काळा थर म्हणजे ऑक्साइड. त्याला तुम्ही आम्ल लावलंत! हे बारावीच्या मुलालासुद्धा कळतं."

आबांनी मात्र माझी बाकीची पिशवीही उपसली. एकेक स्टिक डोळ्यांजवळ नेली. टोकाला ठोकर, टाचेला ठोकर, बुडाला मुरुमाचे ओरखडे. मग म्हणाले, "भाऊ, तुनी बठ्ठी काठी घसाई गई. मजार नवीकोरी शे!"

बठ्ठी म्हणजे सगळी, मजार म्हणजे मधोमध. जिथे बॉल लागायला हवा, नेमकी ती जागा कोरी. जो नीट मारतो त्याची काठी मध्ये झिजते, तीच खरी शोभा, बाकी सोनं-बिनं फुकट, असं आबांनी समजावून सांगितलं. सगळ्यात मोठ्याने साडू हसले.

*

त्याच आठवड्यात साडू दुकानात आले. धुळ्याहून मुद्दाम नाही, काहीतरी कॉलेजचं काम होतं म्हणे. चहा झाला. मग म्हणाले, "पॉलिश पेपर आहे का हो? बारीकातला बारीक. देवघराच्या दाराला पॉलिश करावं म्हणतो."

आता त्यांचं ते देवघर! सागवानी, कोरीव दारं, आत पितळी समया. आमच्या घरी देव स्वयंपाकघरातल्या फळीवर आहेत, हे माझी बायको मला वर्षातून चार वेळा तरी ऐकवते. म्हणजे त्या दाराला आणखी चमक आणायला कागद मीच द्यायचा!

पॉलिश पेपरचा हिशोब सोपा असतो. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. माझ्याकडे सगळ्यात बारीक सहाशेचा. होते तेवढे सहा ताव त्यांनी गुंडाळून घेतले.

"एका दाराला सहा?" मी विचारलं.

"देवाचं काम आहे, विलासराव. कसर कशाला?"

*

मध्ये बायकोनेही हात धुऊन घेतले. देवपूरच्या अक्कांनी, म्हणजे तिच्या बहिणीने, साडूंच्या स्टिक एकमेकींवर आपटून खरचटू नयेत म्हणून मखमली पिशव्या शिवल्या होत्या. हे कळल्यावर आमच्याकडे क्रोशाची सुई निघाली. आठवडाभरात नऊ टोपडी तयार! गुलाबी, पिवळी, वर गोंडे.

मी ती स्कूटरच्या हँडलला अडकवून निघालो, तर शेजारच्या काकूंनी गेटातच अडवलं. "अगंबाई! नऊ? डॉक्टर काय म्हणतात?"

*

मग तो काळा रविवार आला.

साडूंनी मखमली पिशवी काढली आणि सात नंबरची स्टिक सहज, अगदी सहज, माझ्यासमोर धरली. तोंडाच्या मधोमध रुपयाएवढी झीज. गोल, स्वच्छ, चमकदार! बाकी स्टिक जशीच्या तशी.

"परवा लक्षात आलं," साडू म्हणाले. "सराव वाढवलाय ना थोडा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "पित्त झालंय." मी म्हटलं, "साडू झालाय!"

आखाजीला दहा दिवस उरले होते. दहा दिवसांत सराव करून झीज कुठून येणार? दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, स्टिक शिकंज्यात धरली आणि कागद शोधायला लागलो. सहाशेचा एक ताव शिल्लक नव्हता. चारशेचा होता. म्हटलं, चालतंय. बोटाभोवती गुंडाळला आणि घासला. एका स्टिकवर भागलं असतं, पण मला साडूंपेक्षा जास्त हवं होतं ना! सात नंबर घासली, आठ घासली, नऊ घासली. तीन स्टिक, तीन रुपये.

*

आखाजीच्या आधीचा रविवार. आबा निंबाखाली बाजेवर बसले होते. पटर मांडीवर होता. शेठने खरोखर पावती आणली होती, ती आबांनी आदराने परत केली.

आधी साडूंची सात नंबर गेली. आबांना दिसत कमी, म्हणून त्यांनी अंगठ्याचं नख त्या झिजेवरून फिरवलं. एकदा, दोनदा. मान हलवली. काठी बाजेवर ठेवली.

मग माझी. नख फिरलं आणि मध्येच थांबलं. परत फिरलं, परत थांबलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय असतं, हे मला त्या निंबाखाली कळलं. आबांनी आठ नंबर घेतली. नऊ घेतली. मग मला जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, चारशे शे ना?"

मी मान खाली घातली.

"सहाशे पाहिजे व्हता."

आणि पटर उचलून साडूंच्या हातात दिला. शेठने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आबांनी चारचौघांत माझी लाज राखली, हेच खूप होतं. खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदाच मला साडूंचा हेवा वाटला नाही. म्हटलं, माणसाने घाम गाळलाय, त्याचं त्याला मिळालं. जाऊ दे.

आखाजीनंतर चार दिवसांनी देवपूरला जेवायला बोलावलं होतं. मांडे, आमरस, सगळा थाट. पटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर, दोन खिळ्यांवर आडवा. साडू माझ्या बायकोला त्याची कथा सांगत होते. मी उठून देवघरात नमस्कार करायला गेलो. हात जोडले आणि समोर बघितलं. दाराचं व्हार्निश सुटून पापुद्रे लोंबत होते, कोरीवकामात वर्षानुवर्षांची काजळी बसलेली होती.

अक्का मागून प्रसाद घेऊन आल्या. मी विचारलं, "अक्का, या दाराला पॉलिश झालं ना मध्यंतरी?"

"कुठलं पॉलिश हो विलासभाऊ! बारा वर्षांत त्या दाराला ह्यांनी बोट लावलं असेल तर शप्पथ!"