डोक्यावर हंडा असताना

भिवंडीला शिकायला म्हणून पाडा सोडला तेव्हा माझ्या डोक्यावर लोखंडी पेटी होती. चुंबळीवर नीट बसवलेली, एक हात वर धरलेला, एक मोकळा. उतार संपून डांबरी रस्ता लागायच्या जरा आधी आईनं मागून हाक मारली. "सुमेऽऽ!" दोन शेतं ओलांडून आलेली हाक. रस्त्यावर पडघ्याला जाणारी जीप उभी होती, तिच्यात आमच्याकडचे बाप्ये बसले होते. त्या सगळ्यांनी आईकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. तशीच सरळ चालत गेले, पेटी जीपमध्ये चढवली, आणि मागं वळेपर्यंत जीप सुटली. मला ओ द्यायला मिळालीच नाही.

त्या दिवसापासून पाड्यावर माझ्याबद्दल एकच वाक्य चालत आलंय. "आयसनं हाक मारली, तर पोरीनं वळून बी बगितलं न्हाय." लग्नात, तेराव्याला, कुठंही गेले की कुणीतरी ते काढतोच. बारा वर्षं मी ऐकून घेतलं. आता उत्तर देतेय. मागं राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारख्या पेट्या घेऊन निघालेल्या पोरींनाही.

आठ वर्षांची असताना मी विहिरीवरून पाणी आणत होते. पहिलाच मोठा हंडा. आई मागं विहिरीवर राहिली होती, दोर गुंडाळत. तिनं कशासाठी तरी हाक मारली आणि मी गर्रकन वळले. हंडा गेला, पाणी गेलं, हंड्याच्या पोटाला मोठा पोचा आला. मी रडायला लागले की तूच तर हाक मारलीस. आई म्हणाली, "मी मारली म्हनून काय झालं? डोक्यावर हंडा हाय ना? मंग वळायचं न्हाय. आदी हंडा उतरव, मंग ओ दे. हाक काय पळून जात न्हाय." आमच्याकडच्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. जीपमधल्या बाप्यांना नव्हतं, कारण त्यांनी जन्मात हंडा उचलला नाही.

आता कुणी म्हणेल, भिवंडी म्हणजे काय परदेश आहे का? तास-दीड तासाचा तर रस्ता. अमेरिकेला गेलेले आठवणी लिहितात ते ठीक, तू कसल्या लिहितेस? मी लिहिणार. माझ्या वसतिगृहाच्या मागं लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. पहिला महिनाभर मला वाटायचं, आवाज माझ्या डोक्यातच चालू आहे. पाड्यावर लांबून कोण चालत येतंय ते पावलांवरून कळायचं, इथं शेजारच्या पलंगावरची पोरगी काय म्हणते ते कळत नव्हतं. हिंदी बोलायला गेले तर "मैं न्हाय जाएगी" असं बाहेर पडायचं आणि खोली हसून लोटपोट व्हायची. हसू दे म्हटलं. त्याच हिंदीत मी पुढं वर्गातल्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवलं.

शिकून नोकरी लागली ती भिवंडीलगतच्या दापोड्याला, गोदामात. माल नोंदवायची हातातली छोटी यंत्रं सांभाळायचं काम. खोक्यावरच्या बारकोडच्या पट्ट्या वाचणारी यंत्रं, त्यांच्यावर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, जिचा कोड कुणालाही वाचता येतो आणि जगभरातले मूठभर लोक हौसेनं सांभाळतात. ही यंत्रं दिवसातून चार-पाच वेळा गोठायची. बटण दाबा, काही नाही. सुपरवायझर म्हणायचा, "इन औरतों को मशीन पकडना नहीं आता." त्या औरतों म्हणजे आमच्याच बाजूच्या पाड्यांवरून टेम्पोनं येणाऱ्या बाया. एकीला तर त्यानं मशीनवरून काढून झाडू दिला. ते बघून माझं टाळकं सणकलं. यंत्र का गोठतं ते शोधल्याशिवाय राहायचं नाही, असं मी ठरवलं.

भिवंडीत राहते आणि थ्रेडचं काम करते म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे सुताचं? नाही हो. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं म्हणजे थ्रेड. एक पट्टी वाचतो, एक पडदा रंगवतो, एक नोंद पुढं पाठवतो. आणि सिग्नल म्हणजे हाक. ठरावीक वेळानं सिस्टिम हाक मारते, नोंदी पाठवा. हातातलं टाकून जो थ्रेड सापडेल त्यानं ओ द्यायची. आणि लॉक म्हणजे, हे काम माझं पुरं होईतो दुसऱ्या कुणी इथं हात घालायचा नाही. तीन आठवडे मी त्या सिस्टिमची लायब्ररी, म्हणजे तिच्यातला तयार कोडचा साठा, वाचली. मग एका दुपारी जेवणाचा डबा उघडता उघडता मला दिसलं. थ्रेडच्या हातात लॉक आहे, तेवढ्यात हाक येते, तो तसाच वळतो, आणि हाकेचं काम करायला त्याला तेच लॉक हवं असतं, जे त्यानं स्वतःच धरलंय. मग तो स्वतःचीच वाट बघत उभा राहतो. यंत्र गोठलं. डोक्यावर हंडा घेऊन गर्रकन वळलेली पोर, दुसरं काही नाही. बायांचा काडीचा दोष नव्हता.

मी दुरुस्ती लिहून पाठवली. सिस्टिम सांभाळणाऱ्यांपैकी एका जुन्या जाणत्यानं कळवलं, एवढं कशाला? लॉक धरलेलं असताना हाक आली तर ती टाकून द्या, सोपं आहे. मी लिहिलं, नाही. हाक टाकायची नाही. हाक टाकली तर यंत्र गोठणार नाही, पण नोंद हरवेल, दोष बाईवर येईल आणि झाडू तिच्याच हातात राहील. हाक बाजूला थांबवून ठेवायची, ओझं उतरलं की पहिली ओ तिला. तो म्हणाला, फार गुंतागुंत होईल. मी म्हटलं, होऊ दे. चार महिने हे चाललं. सहा वेळा मी दुरुस्ती पुन्हा लिहिली, लहान केली, तपासून दाखवली. शेवटी त्यांनी ती घेतली.

घेताना एक अडलं. लॉक हातात आहे हे दाखवणाऱ्या खुणेला मी नाव दिलं होतं, हंडा. त्यांनी कळवलं, हे बदला, कुणाला कळणार नाही. त्याच लायब्ररीत कुणाच्या कुत्र्याचं नाव आहे, कुणाच्या आवडत्या बिस्किटाचं आहे. ती मी शिकलेच ना? मी खाली दोन ओळींत अर्थ लिहिला आणि नाव बदललं नाही. आज जिथं जिथं ती सिस्टिम चालते, तिथं तिथं माझ्या आईचा पोचा आलेला हंडा आहे. दापोड्याची यंत्रं गोठायची थांबली. ती बाई मशीनवर परत आली, कारण मी सुपरवायझरसमोर जुन्या-नव्याचा फरक चालवून दाखवला आणि ती परत येईतो तिथून हलले नाही.

गेल्या कापणीनंतर आई चार दिवस माझ्या खोलीवर राहायला आली. भाकरी थापत होती. बारा वर्षं जिभेवर अडकलेलं मी विचारून टाकलं. "आये, त्या दिशी हाक कशाला मारलीस?"

"बगायला," ती म्हणाली. "तू वळतेस का काय ते."

"आन वळले असते तर?"

"तर पेटी उतरवून घरी आनली असती. जी माज्या हाकेला वळते, तिला ते शहर येता-जाता पाडील." भाकरी तव्यावर टाकली. "न्हाय वळलीस. मंग मी निवांत झाले."

"लोक एवढं बोलतात, त्यांना का न्हाय सांगितलंस?"

"बाप्यांना? त्यांना हंड्यातलं काय कळतं?"

मी हसता हसता रडले, हे कबूल करते.

मला आता विचारतात, घर कुठलं तुझं? बंगळूरहून नोकरीचं बोलावणं आलंय, लोक म्हणतात, भिवंडीत काय ठेवलंय? आपला पाडा म्हणतो, ती आता आपली न्हाय. दोघांनाही माझं सांगणं एकच. मी कुठं राहायचं ते मी ठरवीन, आणि सध्या मी भिवंडीत राहते. राहिला घराचा प्रश्न, तर तो त्या चार दिवसांनंतर एसटी स्टँडवर माझ्यापुरता सुटला.

आई निघाली होती. डोक्यावर बोचकं, एक हात वर. गर्दीतून बसकडे चालत होती. मी मागून जोरात हाक मारली. "आयेऽऽ!" अर्धा स्टँड माझ्याकडे वळला. ती वळली नाही. सरळ गेली, पायरी चढली, बोचकं सीटवर ठेवलं. मग दारात येऊन दांडा धरला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओ दिली.

"ओऽऽ! काय गं?"

"काय न्हाय," मी म्हटलं. "बगत होते."